तीट लावलेलं पिल्लू

आत्याबाई, सोमवारी आपल्या विहिरीकडच्या उसात बिबट्याची दोन पिल्लं निघाली. हे आधी कुणाला सांगावं म्हटलं तर तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे येईना. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, कडी लावून घरात बस." ती हडपसरला चौथ्या मजल्यावर राहते, तिच्या जागी तिचं बरोबरच आहे. तुमचा मुलगा असता तर त्याला सांगावं लागलंच नसतं, माझ्याआधी तोच बांधावर पोचला असता. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तुम्ही त्याच्या आधी गेलात एवढं बरं झालं.

तोडणीची टोळी यंदा पाथर्डीकडची आहे. विहिरीजवळच्या चिंचेखाली त्यांनी राहायला कोप्या घातल्यात. तोड संपत आली की उसात जे काही लपलेलं असतं ते शेवटच्या तुकड्यात गोळा होतं, ससे, साप, रानडुकरं, म्हणून शेवटच्या सऱ्या तोडताना माणसं मुद्दाम मोठ्यानं बोलत तोडतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. मुकादमाची बायको सगळ्यांच्या पुढं होती. तिनं पाचट उचललं आणि ती ओरडली नाही. कोयता हलकेच खाली ठेवला, मागं मागं सरकत बांधावर आली आणि मला म्हणाली, "बाई, मांजरं न्हाईत ही." मी जाऊन पाहिलं. एकमेकांच्या अंगावर पाय टाकून दोघं पडली होती, डोळे नुकते उघडलेले, निळसर, कुठं बघतायत ते कळू नये असे. माझी चाहूल लागली तसं एक फिसकारलं. एवढासा जीव, तळहातावर मावेल असा. मी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. ते कशासाठी, हे तिथं कुणालाच कळलं नाही.

तुम्ही त्या दिवशी गुरांसाठी उसाचं वाढं आणायला गेला होता. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी भाकरी थापतेय, तुम्ही दारातून आत येता, डोक्यावर वाढ्याचा भारा नाही, पदर पोटाशी धरलेला. "जाळ जरा पुढं वढ, दूध कोमट कर," म्हणता आणि पदर उघडता. उसात सापडलेलं हे पिल्लू रानमांजराचं आहे, आई सोडून गेली, असं तुम्हाला वाटलेलं. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजता. मग घंगाळात ऊन पाणी घेऊन त्याला न्हाऊ घालता, अंगाला तेल लावता, शेक देता, बाळंतिणीच्या खोलीत देतात तसा. शेवटी काजळाच्या डबीत बोट घालून त्याच्या गालावर तीट लावता. ठिपक्यांच्या अंगावर आणखी एक ठिपका. मला हसू आलं होतं. तुमचे मालक तरुणपणीच गेलेले, तुम्ही स्वतःच्या कपाळाला कधी काही लावलं नाहीत, कुणाच्या बारशाला पुढं झाला नाहीत, आणि या पिल्लाचं मात्र सगळं एकटीनं केलंत.

हे मांजर नाही हे दुपारी तुमच्या मुलानं ओळखलं. तोवर वस्तीभर झालं होतं. बायका आल्या. देवीचं वाहन म्हणून कुणी कुंकू लावलं, कुणी तांदूळ टाकले, कुणी नुसतं बोट लावून बघितलं. तिसऱ्या दिवसापर्यंत रीघ होती. मी एकदाच म्हणाले, "आत्याबाई, आजच्या आज परत ठेवू या, त्याची आई घराभोवती ओरडतीय." तुम्ही चुलीकडं बघत बोललात, "तुझ्या पोटी असतं म्हंजी तुला कळलं असतं." तेव्हा मला मूल नव्हतं. त्या बोलण्यावर मी तुमच्याशी कितीतरी दिवस सरळ बोलले नाही. आज ते लागत नाही. आज मला एवढंच दिसतं की त्या तीन दिवसांत आपल्या घरी सवाष्णी आल्या होत्या, त्यातल्या कितीतरी पहिल्यांदाच, आणि तुम्ही दारात उभ्या राहून त्यांना या, बसा म्हणत होता.

मग पिल्लू टोपलीत घालून त्याच जागी ठेवलं. सगळा गाव बांधावर काठ्या, कंदील घेऊन उभा. त्याची आई उसाच्या कडेपर्यंत आली, तिचे डोळे चमकलेले मी पाहिले, आणि मागं फिरली. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "मानसाचा वास लागला, आता ती शिवायची न्हाई." सगळे तुमच्याकडं वळून बघायला लागले. दुसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी ते घेऊन गेली. तेव्हापासून तुम्ही राखेनं हात घासायला लागलात. मला लेक झाली तेव्हा तिला घेण्याआधी तुम्ही न्हाणीत जाऊन पुन्हा पुन्हा हात धुतलेत, तळवे नाकाशी नेलेत आणि मगच हात पुढं केलेत. मी पाहिलं होतं.

म्हणून सोमवारी वनखात्याची पोरगी आली, वनरक्षक आहे, माझ्या लेकीपेक्षा लहान, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न तोच विचारला. पिल्लांना कुणी हात लावला नाही ना, असं ती विचारत होती, आणि मी म्हटलं, "लावला असता तर? आईनं घेतलं नसतं?" ती म्हणाली, "आजी, वासाचं तेवढं नसतं हो. हात लावलेली, गाडीतून नेऊन तपासून आणलेली पिल्लंसुद्धा आया घेऊन जातात. तिला फक्त माणसं नको असतात जवळपास. आम्ही हातमोजे घालतो, लोकांना लावू नका म्हणतो, पण मुख्य अडचण गर्दीची."

हे तुम्हाला सांगायचं होतं आत्याबाई. याच्यासाठीच कागद घेऊन बसले. तुमच्या हातांचं काही नव्हतं. तेलाचंही नव्हतं. ती बांधावरच्या माणसांना भिऊन गेली. तुम्ही मात्र आयुष्यभर तळवे हुंगत राहिलात.

त्या पोरीनं सगळं नीट समजावलं. पिल्लं त्याच जागी खोक्यात ठेवायची, शेजारी कॅमेरा लावायचा, संध्याकाळी तिथं कुणी फिरकायचं नाही. आज आणि उद्या वाट बघायची. नाही आली तर पिल्लांना बिबट्यांच्या केंद्रात न्यायचं, आणि मग ती कायमची पिंजऱ्यातच. "आईशिवाय शिकार शिकत नाहीत, पुढं सोडता येत नाहीत," ती म्हणाली. मुकादमाची बायको मध्येच बोलली, "आन् ती आई? ती हितंच हुडकीत फिरंल ना? आमची लेकरं कोपीत निजत्यात." पोरगी कोप्यांकडं बघायला लागली. मी तोड थांबवली आणि सगळ्या टोळीला, बायकापोरांसकट, आपल्या पडवीत आणलं.

माझा चुलत दीर आला तो गाडी उभी करायच्या आधीच बोलायला लागला. गेल्या महिन्यात त्याची कालवड नेलीय तिनं, गोठ्यातून. "वहिनी, पुस्तकं वाचून डोकं फिरलं का तुमचं? पिल्लं पिंजऱ्यात ठिवायची, आई आपसूक आत येती. एकदाच काय ती कटकट जाईल." मी म्हटलं, "कटकट जाते कुठं? ही गेली की दुसरी येती. ऊस आपण लावलाय, तिनं न्हाई." तो म्हणाला, "मग तिला पाव्हनचार करा, रोज एक शेळी धाडा." त्याच्या बोलण्यात खोटं नव्हतं. त्याच्या कालवडीचं मलाही वाईट वाटतं. पण हो म्हणायला तोंड उघडेना.

पहिली संध्याकाळ वाया गेली. दिवस मावळला तशा गावातून मोटारसायकली यायला लागल्या. कुणी नुसतं बघायला, कुणी मोबाईलवर फोटो काढायला. त्यांना परत फिरवायला वनखात्याची दोनच माणसं, आणि रस्ता चारही अंगांनी मोकळा. ती आली होती. उसाच्या त्या टोकाला तिचा आवाज मी ऐकला, लाकडावर करवत ओढल्यासारखा, थांबून थांबून. पिल्लं आतून बारीक ओरडली. मग कुणीतरी शिट्टी वाजवली, गाडीचा उजेड पडला, आणि आवाज लांब गेला. पोरगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "उद्याही असंच झालं तर माझ्या हातात काही नाही, आजी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं.

मला आपली पुण्याची सहल आठवत राहिली. आळंदीहून येताना एसटी प्राणिसंग्रहालयाशी थांबली होती. सगळे पांढरा वाघ बघायला पळाले. आपणही गेलो. पांढऱ्या अंगावर फिकट पट्टे, डोळे निळे, एक डोळा जरासा नाकाकडं वळलेला. लोक काय काय ओरडत होते. तुम्ही बराच वेळ बघून म्हणालात, "राखंत लोळल्यावानी दिसतोय गं. ह्याला आई न्हाई का?" बायका हसल्या. मग तुम्ही कुणाला न सांगता बिबट्यांच्या पिंजऱ्यांकडं गेलात. मी शोधत आले तेव्हा तुम्ही जाळीशी उभ्या राहून, पिल्लाला दूध पाजताना करायचा तो च्च च्च आवाज करत होता. आतला बिबट्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता, वळत होता, चालत होता. त्यानं एकदाही पाहिलं नाही. तिथल्या माणसाला तुम्ही विचारलंत, आपल्या नगरकडून आलेलं, लहान असतानाच आणलेलं, ते हेच का? तो म्हणाला, "आजी, असं कुणी उचलून आणलेलं पिल्लू एक असतं का?"

त्या पांढऱ्या वाघाबद्दल मी नंतर वाचलं. तुम्ही वाण्याच्या पुड्यांचे कागद गादीखाली घालून सरळ करून माझ्यासाठी ठेवायचात, त्यावर माझं वाचन सुरू झालं. चौथीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं तेलकट कागदांवर. आता तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणते. त्यात लिहिलं होतं की पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. रानातून एक पांढरा बछडा उचलून आणला, आणि रंग टिकावा म्हणून बापाची जोडी लेकीशीच लावली. पिंजऱ्यातले जवळजवळ सगळे पांढरे वाघ त्या एका उचललेल्या बछड्याचा वंश. म्हणून डोळे वाकडे, म्हणून कितीतरी पिल्लं अधू. रानात त्यांचं कुणी उरलेलं नाही. तुम्ही आई विचारलीत ते चुकीचं नव्हतं, एवढं मला ते वाचताना वाटलं.

सकाळी दूध घालायला डेअरीवर गेले तेव्हा माझं ठरलं होतं. रथसप्तमी व्हायची आहे, घरोघर संक्रांतीचं हळदीकुंकू चालू आहे. डेअरीवर जिच्या कानात सांगितलं की दुपारपर्यंत चार वस्त्यांना कळतं, अशी एक आहे. तिला म्हटलं, "आज संध्याकाळी मारुतीच्या देवळात माझं हळदीकुंकू आहे. सगळ्यांनी यायचं." तिची बरणी कलंडता कलंडता राहिली. "तुमचं? म्हंजी लेकीच्या नावानं?" मी म्हटलं, "माझ्या नावानं. वाण पण आहे, चहाची गाळणी." विधवा बाई हळदीकुंकू घालणार म्हटल्यावर गावात दुसरं काही बघण्यासारखं उरलं नाही. देऊळ आपल्या मळ्याच्या अगदी उलट्या टोकाला. वनखात्याच्या पोरीला आधी कळेना, मग तिनं माझा हात दाबला.

दिवेलागणीला सभामंडप भरला. यायला नको होतं त्यांनीही यायचं सोडलं नाही, पुरुष पारावर दाटीनं उभे. कालच्या सगळ्या मोटारसायकली इथं ओळीनं लावलेल्या पाहून माझ्या जिवाला बरं वाटलं. एक म्हातारबा पुढं होऊन म्हणाले, "हे शोभतं का तुम्हाला?" मी म्हटलं, "मामा, शोभाच बघायला आलात ना? मग बसा." बायका हसल्या. चुलत दीर मला आडवायला आला होता, पण त्याची बायको पहिल्या ओळीत बसलेली पाहून खांबाला टेकला. मी कुंकवाचा करंडा घेऊन फिरले. सगळ्यात मागं माझी धाकटी चुलत सासू बसली होती, तीही विधवाच, ती तोंड फिरवायला लागली, "मला गं कशाला?" तिच्या कपाळाला मी लावलं. मग मुकादमाची बायको उठली आणि तिनं माझ्या कपाळाला लावलं, जरा वाकडं. मी सारखी खाली कमरेच्या फोनकडं बघत होते. लोकांना वाटलं लाजेनं.

कमरेचा फोन वाजला. पोरगी कुजबुजत होती, "आजी, आली. एक नेलं तोंडात धरून. दुसरं आहे अजून खोक्यात. कुणाला इकडं सोडू नका." मी फोन ठेवला. गाळण्या वाटून संपत आल्या होत्या. बायका पदर सावरायला लागल्या, बाहेर एक गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. घरी जायचा निम्म्या गावाचा रस्ता आपल्या बांधावरून जातो. मी मोठ्यानं म्हटलं, "नाव घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही." मग उखाणे सुरू झाले. सुना लाजल्या, म्हाताऱ्यांनी चावट घेतले, पारावरून पुरुष ओरडायला लागले, गाडी बंद झाली. माझं सगळं लक्ष फोनकडं. तो वाजेना. कितीतरी वेळ गेला. ती परत फिरली नसेल, कुणी आडवं गेलं असेल, नाहीतर एकच पुरे म्हणून लांब निघून गेली असेल. उखाणेही संपले. तेव्हा दिराची बायको म्हणाली, "आता तुम्ही घ्या, जाऊबाई. कार्यक्रम तुमचा हाय." मी तुमच्या मुलाचं नाव घेतलं, आत्याबाई. इतक्या वर्षांनी, इतक्या लोकांत, मोठ्यानं. यमक काही जुळलं नाही. पारावर एक जण टाळ्या वाजवायला लागला, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि त्या आवाजात फोन वाजला तो मला आधी ऐकूच आला नाही.

दुसरंही नेलं होतं. पोरगी रडत होती की हसत होती कळेना. मी तिथंच सगळ्यांना खरं सांगितलं, कशासाठी बोलावलं ते. आधी कुणाला समजलं नाही, मग हसण्याचा जो गोंधळ उडाला तो विचारू नका. म्हातारबाही हसले. दीर जाता जाता म्हणाला, "वहिनी, माज्या कालवडीचं वाण कवा देताय?" पण रागानं नाही. आता टोळी परत चिंचेखालच्या कोप्यांत गेलीय, तोड सुरू झालीय. ती पिल्लं घेऊन कुठल्या उसात गेली कुणाला माहीत नाही. दिवस मावळला की आम्ही सगळे दार लावून घेतो, पहिल्यासारखंच.

एक राहिलं. पहिला फोन आला आणि दुसरा येईना, तो सगळा वेळ मी बायकांना नावं घ्यायला लावत होते, आणि मनात म्हणत होते, नको येऊस. एक नेलंस ना, तेवढं पुरे. पडवीत त्या दुसऱ्या पिल्लाला कुठं ठेवायचं, दूध कुणाच्या शेळीचं मागायचं, वनखात्याला काय सांगायचं, तेसुद्धा माझं जुळवून झालं होतं. पिंजऱ्याचं सगळं वाचलेलं असून. दुसऱ्या फोननंतर मी सगळ्यांबरोबर हसले, पण पडवीतला तो कोपरा डोळ्यांपुढून हलेना. हे त्या पोरीला सांगितलं नाही, लेकीला सांगणार नाही. तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, म्हणून लिहून मोकळी झाले.